जास्तीचा वेळ

मी अडखळत बोलते. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत मला जास्तीचा वेळ मिळावा म्हणून वर्षभर कॉलेजच्या ऑफिसात चपला झिजवल्या, तेव्हा कुठे तो मंजूर झाला. पण परीक्षा घ्यायला बसलेल्या मॅडमना माझा भारीच कळवळा आला.

"पेशंट बेशुद्ध पडलाय. सगळ्यात आधी काय बघशील?"

"आ... आधी पे... पेशंटचा..."

"रक्तदाब! असंच ना? राहू दे गं बाळ, उगाच त्रास नको."

मला 'श्वास' म्हणायचं होतं. मान हलवून नाही म्हणेपर्यंत पुढचा प्रश्न आला. त्याचंही अर्धं वाक्य माझं, अर्धं त्यांचं. जास्तीचा वेळ मिळालेल्या माझी परीक्षा सगळ्यांत लवकर आटोपली.

निकाल लागला. मी नापास. तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"किती सांभाळून घेतलं तुला! एका शब्दाला अडू दिलं नाही. पण अभ्यासच कच्चा, त्याला मी काय करू? आधी श्वास बघायचा, एवढं साधंसुद्धा येऊ नये?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मॅ... मॅडम, ती स... सगळी चु... चुकलेली उत्तरं..."

"पुढच्या वेळी सुधारशील. असंच ना?"

मी टेबलावर हात आपटला. ग्लास कलंडला, मॅडम दचकून मागे सरकल्या. मग मला मंजूर झालेला सगळा वेळ घेऊन मी माझं वाक्य माझ्याच तोंडाने पुरं केलं.

"तु... तु... तुमची होती."