शेवटचा आकडा

क्वितोतल्या आमच्या शोरूममध्ये एफ्राईनसाहेबांनी दोन महिने मला प्रश्न विचारून पिडलं. एवढी किंमत का, सुटे भाग येईपर्यंत गाडी किती दिवस पडून राहणार, डोंगरातल्या चढावर दगा तर देणार नाही ना? शेवटी एकदाचे ते सगळ्यांत महागड्या गाडीपाशी येऊन थांबले.

"एवढे पैसे ओततोय, तर गाडी भरवशाची हवी," ते म्हणाले.

"हवीच!" त्यांच्या बायकोनं, रोसाल्बाबाईंनी, टोला हाणला. "जुन्या गाडीच्या नंबरात शेवटी पाच, म्हणून गर्दी कमी करायच्या सरकारी नियमानं दर बुधवारी संध्याकाळी तिला रस्त्यावर बंदी. आणि माझी आई नेमकी बुधवारीच जावयासाठी मक्याच्या उमिता वाफवून, कॉफी करून वाट बघत बसते. इतकी वर्षं झाली, जावई काही उगवत नाही! आता नवा नंबर आला, की तुमची सबब संपली."

"संपली गं राणी, संपली," साहेब फारच गोड आवाजात म्हणाले. बाई खुशीत सीटचं कातडं निवडायला आत गेल्या.

मी कागद पुढे ओढला. "साहेब, नंबरातला शेवटचा आकडा आपल्याला मागून घेता येतो. कोणता टाकू?"

दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.



"पाचच टाक, आणि सरकारनं दिला म्हणून हिला सांग," ते कुजबुजले. "जुन्या गाडीत तेवढी एकच गोष्ट भरवशाची होती."