बांबूच्या तीन पाचरी

वस्तू कुठल्या देशाची आहे हे तिचे पोट उघडल्यावरच कळते, असे बेलापूरच्या मच्छिंद्र मास्तरांचे ठाम मत होते. त्यांच्या ऑर्केस्ट्रातली बेस गिटार, म्हणजे खर्जातले जाड सूर देणारी, जपानी होती. तिचे पोट त्यांनी कधी उघडले नव्हते.

उघडायची पाळी बुधवारी आली. तारांच्या खाली पिकअप असतो, तार हलली की तिचा आवाज यंत्राकडे धाडणारा चुंबकाचा डबा. तो आपल्या खोबणीत डुगडुगू लागला होता. जाड तार छेडली की खडखडायचा. शुक्रवारी गावच्या जत्रेत कार्यक्रम होता. मास्तर गिटार चादरीत गुंडाळून एसटीने राहुरीला आले आणि पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या खाजाभाईच्या दुकानात शिरले. नगरचे कारागीर काहीही उचकटून ठेवतात, तुमचा हात सबुरीचा आहे, असे ते म्हणाले. ते खोटे नव्हते. खाजाभाईने भरलेली मोटार पाच-पाच वर्षे परत येत नसे.

खाजाभाईने चार स्क्रू काढले, पत्र्याची पट्टी बाजूला केली, डबा उचलला आणि तो तसाच हातात धरून बसला.

खोबण डब्यापेक्षा चांगली दोन सूत मोठी होती. फटीत बांबूच्या तीन पाचरी कोंबल्या होत्या. चौथी वाळून, आकसून तळाला पडली होती. मोटारीच्या खाचेत तार भरली की ती बाहेर येऊ नये म्हणून वरून अशाच पाचरी ठोकतात. या पाचरी एका बाजूला तिरक्या तासलेल्या होत्या. तालुक्यात अशा तिरक्या पाचरी तासणारा माणूस एकच होता, खाजाभाई स्वतः, कारण त्याचा उजवा अंगठा वाकत नव्हता.

दुष्काळाच्या साली विहिरींना पाणी नव्हते. मोटारी चालत नव्हत्या, त्यामुळे जळतही नव्हत्या. तेव्हा मुंबईच्या एका दुकानदाराने त्याला आठ गिटारींचे काम आणून दिले होते. लाकूड शेजारच्या आसाराम सुताराने कापले, डब्यातली चुंबकाभोवतीची बारीक तार खाजाभाईने भरली, आणि परदेशी नाव दुकानदाराने मुंबईत नेऊन लावले. डबे खोबणीत घट्ट बसेनात, तेव्हा पाचरी कोंबून, मुंबईत कोण उघडून बघतंय, असे खाजाभाईच म्हणाला होता. आता तो स्वतःच उघडून बघत होता.

गिटार आली म्हणून आसाराम बघायला आला. खोबणीत डोकावला आणि तंबाखूची चंची शोधू लागला. चंची त्याच्या हातातच होती.

मास्तरही वाकले. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा जपानी मानसाचं डोकं. बांबू घातलाय. लोखंड घातलं असतं तर चुंबकानं वढून घेतलं असतं. आपल्याकडं कुनाला सुचलं असतं का हे?"

आसाराम म्हणाला, न्हाई सुचलं. मग खोबण एवढी मोठी कशी, असे मास्तरांनी विचारले, तेव्हा लाकूड फुगायला जागा ठेवली असंल, असेही त्यानेच सांगून टाकले. मास्तरांनी मान डोलावली. याला विचार म्हणायचा, असे ते म्हणाले.

खाजाभाईचे कान तापले होते. त्याने डबा फडक्यावर ठेवला.

"मास्तर, ह्यो बांबू जपानचा न्हाई. ह्या पाचरी म्या घातल्यात. डबा मापात बसंना, म्हनून घातल्या."

मास्तर हसले. चेष्टेने नव्हे, आपल्या माणसाला सांभाळून घ्यावे तसे.

"खाजाभाई, तुमाला हे येत असतं तर तुमी हितं मोटारी भरत बसला असता का?"

खाजाभाईने नुसता उजवा अंगठा पुढे केला. मास्तरांनी तो पाहिला आणि काय झाले म्हणून आस्थेने विचारले. मोटारीच्या पट्ट्यात सापडला होता, असे आसारामने सांगितले.

मग खाजाभाई म्हणाला की या पाचरी मुळातच नकोत. आसाराम आतून सागाची चौकट बसवील, अर्ध्या दिवसाचे काम आहे, वर काही द्यायचे नाही. आसाराम लाकूड आणायला उठलासुद्धा. मास्तरांनी खोबणीवर पालथा हात ठेवला.

"त्या काढायच्या न्हाईत. कंपनीच्या हायेत. पडलेली तेवढी बसवा."

पडलेली बसेना. खाजाभाईने दुकानातला बांबू घेतला आणि नवी पाचर तासली. पुन्हा पुन्हा लावून पाहिली, काढली, काचेने घासली. एवढ्या वेळात त्याने अर्धी मोटार भरली असती. पाचर बसली तेव्हा डबा हलायचा थांबला. मास्तरांनी निरखून पाहिले. जुन्यांची सर न्हाई, पन चालंल, असे म्हणाले. जुनी पाचर त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

शुक्रवारी संध्याकाळी खाजाभाई कुणाला न सांगता बेलापूरला गेला. आसाराम त्याला एसटीतच भेटला. जत्रेत सगळ्यांच्या मागे उभे राहून दोघांनी दोन तास कान देऊन ऐकले. खडखड कुठेच आली नाही.

बेसही आली नाही. मांडववाल्याने कर्णे लावले होते. कर्ण्यातून बेसचा खर्ज ऐकू येत नाही.