कलम कुठलं?

“कलम कुठलं?” कुनर्टने फोनला विचारलं.

फोन गप्प.

हार्टमुट कुनर्ट लेमकेबाईंच्या कुंपणाशी उभा होता. एका हातात घडीची लाकडी पट्टी, दुसऱ्या हातात फोन. लाइपझिगमधल्या एका बागवसाहतीचा, म्हणजे भाड्याने दिलेल्या छोट्या छोट्या बागांचा, तो अध्यक्ष. नेहमीसारखाच तीननंतर आला होता (कलम अकरा, एक ते तीन शांततेची वेळ, हातोडीसुद्धा उचलायची नाही). नेहमीसारखीच कुंपणाची झुडपं मोजणार होता (कलम सात, सव्वा मीटर, वरची पानं धरून). आणि मग अक्रोडाचं झाड पाडा म्हणून सांगणार होता (कलम नऊ, अक्रोड बागेत चालत नाही, शेजाऱ्याच्या टोमॅटोंवर सावली पडते).

त्यावर लेमकेबाईंचं उत्तरही ठरलेलं (कलम तेवीस, नियम होण्याआधीच्या झाडांना हात लावायचा नाही). झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं. तेव्हा देशही वेगळा होता, पूर्व जर्मनी. मग कुनर्ट मान झुकवायचा, “कलम तेवीस, बरोबर,” म्हणायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. माणूस खडूस, पण कलमाला जागणारा. त्याच्या या एका गुणावर ते झाड उभं होतं.

आज मात्र तोंड उघडायच्या आत फोन वाजला होता.

“जरा वाचता का तुम्ही? माझा चष्मा…”

चष्मा त्याच्या नाकावरच होता. लेमकेबाईंनी मोठ्याने वाचलं, “‘तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. ते आमच्या समुदायाच्या मूल्यांशी सुसंगत नाही.’”

“मूल्यं? ती किती सेंटिमीटर असतात?”

“‘सुरक्षेच्या कारणास्तव अधिक तपशील देता येत नाही.’”

त्या खात्यावर कुनर्टचं सगळं आयुष्य होतं. म्हणजे इतरांच्या कुंपणांचे फोटो. प्रत्येक फोटोत पट्टी उभी धरलेली आणि खाली कलम. वसाहतीत ते फोटो कुणालाच आवडत नसत. पण न आवडण्याला कलम नव्हतं.

बाईंना दया आली. त्यांनी त्याला आत बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कॉफी दिली, आलुबुखाराचा केक दिला. कुनर्ट अपील लिहायला बसला. परिच्छेद, पोटपरिच्छेद, सगळ्यांना क्रमांक. ‘पाठवा’ दाबलं आणि कप उचलला. कप ओठांना लागायच्या आत उत्तर आलं.

‘आमच्या पथकाने तुमच्या प्रकरणाची काळजीपूर्वक तपासणी केली आहे. निर्णय अंतिम आहे.’

“पथक भलतंच चपळ दिसतंय,” बाई म्हणाल्या. “कॉफी पीत नसावं.”

“थट्टा नको, लेमकेबाई. कलम दाखवल्याशिवाय मी कुणाला एक रोपटंसुद्धा उपटायला लावलं नाही.”

“ते मात्र खरं.”

“मग यांच्याशी भांडायचं कसं?”

“भांडताच येत नाही. कलम सांगितलं की माणूस भांडतो. नाही सांगितलं की गप्प बसतो. साधी युक्ती आहे हो.”

कुनर्टचा काटा केकवर थांबला. तो खिडकीतून झाडाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. बाईंना वाटलं, विरघळला बिचारा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहणं म्हणजे काय, ते कळलं एकदाचं.

जाताना त्याने झुडपं मोजलीसुद्धा नाहीत. झाडाबद्दल चकार शब्द काढला नाही. बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी त्याच्या हातात पिशवीभर अक्रोड ठेवले (कलम चौतीस, अध्यक्षाने भेट घ्यायची नाही).

त्याने घेतले.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून बाई जरा आडव्या झाल्या होत्या. फाटक वाजलं म्हणून बाहेर आल्या. फाटकावर कागद चिकटवलेला होता (कलम     ).

‘आपलं अक्रोडाचं झाड आमच्या वसाहतीच्या मूल्यांशी सुसंगत नाही. सुरक्षेच्या कारणास्तव अधिक तपशील देता येत नाही. आमच्या पथकाने काळजीपूर्वक तपासणी केली आहे. निर्णय अंतिम आहे.’

खाली कुणाचं नाव नव्हतं. सहीच्या जागी नुसतंच: पथक.

पथक झाडाखाली उभं होतं. एकटंच. हातात मोटरची करवत.

“कलम तेवीस!” बाई ओरडल्या.

पथकाने मान झुकवली नाही.

“अहो, निदान शांततेची वेळ तरी पाळा, कुनर्ट! दीड वाजलाय! कलम अकरा!”

“कलम कुठलं?” पथकाने विचारलं आणि करवतीची दोरी ओढली.