पाव फेरा

"हे बाईच्या हातचं काम नाही," असं म्हणत घड्याळकाकांनी ते आगगाडीचं वीतभर लांबीचं इंजिन उताणं केलं.

छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत स्पर्धेची टेबलं लागली होती. प्रत्येक छोट्या इंजिनापुढे ते जोडणाऱ्याच्या नावाचं कार्ड होतं. या इंजिनापुढे तिचं होतं. सात महिन्यांची लेक कडेवर घेऊन ती समोरच उभी होती, पण परीक्षक म्हणून बसलेले काका बोलत होते तिच्या नवऱ्याशी.

"मंडळाच्या चिटणीसाला स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणून बायकोचं नाव पुढे केलंत. काय चिटणीस?"

नवरा लालबुंद झाला. "तोंड सांभाळून बोला, काका! पुरावा आहे काही?"

"हा काय पुरावा." काकांनी बोटाने चाक ढकललं. सहाही चाकं लोण्यातून फिरावीत तशी फिरली. "तान्हं पोर सांभाळून असं काम होतं? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत मी. मला नका शिकवू."

"पाळणा हलवता हलवता केलं असेल हो वहिनींनी," मागून कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं खिदळले.

तिची कानशिलं तापली. "काका, मी इथेच उभी आहे. मला विचारा ना."

"विचारायचं काय त्यात? इंजिन बाद. आणि खोटं नाव दिलं, हे फळ्यावर लिहावं लागेल."

फळा दाराशीच होता. येणाराजाणारा प्रत्येक जण वाचणार.

"चल गं घरी," नवरा कपाळ पुसत म्हणाला. "असल्या माणसांपुढे काय सिद्ध करायचं? घेऊ आपण नाव मागे."

"का म्हणून? फळ्यावर नाव माझं लागणार आहे, तुझं नाही." ती काकांकडे वळली. "खोला ते. सगळं सुटं करा. मी जोडते इथेच."

काकांनी हात राखला नाही. मोटर काढली, चाकं एकत्र फिरवणारे जोडदांडे काढले, एका बाजूची तिन्ही चाकं आसांवरून उपटली. सगळं एका ताटलीत ओतलं. "अर्धा तास."

तिने लेक नवऱ्याच्या हातात दिली आणि बाह्या वर सारल्या.

मधल्या आसावर पितळी दातेरी चाक बसवलं. आस सांगाड्यात घातले, चाकं दाबली, दोन्ही बाजूंना जोडदांडे लावले. बोटाने ढकललं. अर्ध्या फेऱ्यातच सगळं अडकलं.

काका हसले. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

लेक रडायला लागली. "भूक लागली वाटतं तिला," नवरा घाईने म्हणाला. "राहू दे आता."

"भुकेचं नाही, झोपेचं रडणं आहे ते. खांद्यावर घे, पाठीवर थोपट." तिने मान वर केली नाही. चूक तिला दिसली होती: जोडदांडे ज्यांत अडकतात त्या चाकांवरच्या खुंट्या तिने दोन्ही बाजूंना एकाच रेषेत ठेवल्या होत्या. तिने एका बाजूची तिन्ही चाकं परत उपटली, पाव फेरा पुढे फिरवून एकेक करून दाबली. आता डावीकडची खुंटी वर, तर उजवीकडची पुढे. ढकललं. फिरलं.

मग मोटर. काकांच्या वहीचा कोपरा तिने न विचारताच फाडला, मोटरच्या आटे असलेल्या दांड्याच्या आणि दातेरी चाकाच्या मध्ये तो चिटोरा धरला, स्क्रू आवळले आणि चिटोरा ओढून घेतला. दात्यांमध्ये कागदाएवढीच फट राहिली.

तिने इंजिन टेबलावरच्या रुळावर ठेवलं.

"दाबा बटण," ती म्हणाली.

इंजिन आधी थरथरलं. मग गोगलगाईसारखं, पण एकदाही न अडखळता रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

काकांनी चष्मा काढला. "चुकलो, पोरी."

"तोंडाने नको. फळ्यावर लिहा."

काका उठले, खडू घेतला आणि लिहिलं: 'इंजिन वहिनींनीच जोडलं आहे. आरोप मागे घेतो.' खाली सही केली. खिदळणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही. राग अजून उतरला नव्हता.

लेक झोपली होती. जिन्याच्या वळणावर नवरा थांबला, मागे कोणी नाही हे त्याने दोनदा पाहिलं आणि कुजबुजला, "अगं, चार महिने ते इंजिन मी जोडत होतो. तू साधा स्क्रूसुद्धा कधी हातात धरला नाहीस. शिकलीस कधी?"

"चार महिने त्याच टेबलाशी हिला पाजत बसले होते मी," ती म्हणाली. "तू एकदा तरी मान वर केलीस का?"