सात पिढ्यांची नावं

तलगरच्या अलीकडे मोटारींची रांग तुंबली आणि मादियारनं स्टिअरिंगवर हात आपटला. समोरचा रस्ता मोकळा, दिवा मात्र लाल. हा सिग्नल ज्यानं प्रोग्राम केला त्याला नोकरी कुणी दिली, हे त्याला एकदा विचारायचं होतं.

तो स्वतः अल्माटीत प्रोग्रामर होता, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी चुकीच्या लिहिल्या गेल्यात असं त्याचं ठाम मत होतं. बँकेचं ॲप शेवटी शिक्क्यासाठी शाखेतच धाडतं. रेडिओवर हवामानाला लागूनच राशिभविष्य. शहरावरचा धूर मोजायला ढीगभर यंत्रं, कमी करायला एक नाही.

शेजारी झानसाया मांडीवरचा मिठाईचा डबा सांभाळत ऐकत होती. दोन वर्षांत तिला सवय झाली होती.

"आज आजोबांसमोर मतं नकोत," ती म्हणाली. "नावं तेवढी सांग."

नावं म्हणजे सात पिढ्यांच्या वाडवडिलांची. घरातल्या मुलीला मागणी घालायला आलेल्याकडून तिचे कोझाबेक आजोबा आधी ती ऐकत. सातांत कुठं मूळ एक निघालं तर ती दोघं भाऊबहीण, विषय संपला. झानसायाच्या थोरल्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न असंच मोडलं होतं, पाचव्या पिढीवर. आणि ज्याला नावं सांगताच येत नाहीत, त्याला आजोबा मुलगी देणार नव्हते. त्यांच्या शब्दापुढे घरात कुणी जात नसे.

मादियारच्या डोक्यात तिडीक जायची. चार-पाच पिढ्यांनंतर रक्तात सामायिक असं उरतं काय? जवळपास शून्य. ज्या देशात माणसं फोनवर भाजी मागवतात, तिथं लग्नासाठी मेलेल्यांची हजेरी घ्यायची!

पण खरी अडचण वेगळी होती. त्याला वडील आणि आजोबा, अशी दोनच नावं माहीत होती. त्याचे आजोबा बत्तीस सालच्या दुष्काळात, पाच वर्षांचे असताना, अनाथालयाच्या दारात सापडलेले. ऑक्टोबर चालू होता म्हणून तिथल्या कारकुनानं नाव ठेवलं, ओक्त्याब्र.

"आहे तसं सांग," झानसाया म्हणाली होती. "ते समजून घेतील. दुष्काळात आमच्याही घरात…"

त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. समजून घेण्याच्या भरवशावर त्याला तिला गमवायचं नव्हतं. ती आपल्या घराण्याची नावं सांगायला लागली, तेव्हाही त्यानं हात झटकला होता. तिची माहिती काय कामाची? घोडं अडलं होतं त्याच्या माहितीपाशी.

मग तो आठवडाभर वंशावळींच्या एका साइटवर बसला. तिथला सावळागोंधळ बघून त्यानं कपाळाला हात लावला. आजोबांच्या आधी जन्मलेले नातू, एकाच बाईची दोन जन्मगावं. एकच वंशावळ लख्ख होती, पार सेमेयकडची, हजार किलोमीटर लांबची. प्रत्येक नावाला तारीख, तारखेला पुरावा. जिवंत माणसांची नावं साइट झाकून ठेवते, म्हणून भरणाऱ्याचं फक्त टोपणनाव दिसत होतं, 'मेंढपाळ'. हा नक्की आपल्याच धंद्यातला कुणी तरुण असणार, हे मादियारनं ओळखलं.

त्यातली एक फांदी बत्तीस सालात तुटली होती. पाच वर्षांचा मुलगा, पुढे माहिती नाही. तिथं वारस नाही, म्हणजे हरकत घ्यायलाही कुणी नाही. त्यानं आपले आजोबा तिथं चिकटवले आणि वरची पाच नावं घोकली. झानसायाला सांगितलं, जुन्या कागदांत सापडली. ऐकव म्हणाली, तर तिथंच ऐक म्हणून टाळलं.

तलगरच्या घरी कोझाबेक आजोबा समोर बसले होते, ब्याऐंशीचे, ताठ. बैठ्या टेबलावर बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे, मांडलेले, झानसाया चहाची किटली घेऊन बसलेली. कपाटात तारखा घातलेल्या फायलींची रांग होती. खिडकीत काहीतरी चपटं ठेवून वर भरतकामाचं कापड टाकलेलं. फायली बघून मादियारला राहवलं नाही.

"आजोबा, हे सगळं संगणकावर घालायला हवं. कागदाचा काय भरवसा?"

"हं," म्हातारा म्हणाला. "नावं सांग."

मादियारनं सुरुवात केली. वडील ओराझबेक. आजोबा ओक्त्याब्र. मग झानुझाक, एसेनबाय, कारामेंदे, तोक्पान, बाइगारा. कुठं अडखळला नाही. झानुझाकच्या नावाला म्हाताऱ्याची चहाची वाटी ओठांपाशी थांबली, ती तशीच राहिली. मादियारला बरं वाटलं; ऐकतोय म्हातारा. झानसायानं किटली खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"ओक्त्याब्र हे काय नाव?" आजोबांनी विचारलं.

हे मात्र खरं सांगता येण्यासारखं होतं. "अनाथालयात ठेवलेलं. सेमेयच्या. बत्तीसचा ऑक्टोबर. पाच वर्षांचे होते."

म्हातारा उठला. खिडकीतलं कापड त्यानं बाजूला केलं. खाली लॅपटॉप होता. दोन बोटांनी, सावकाश, त्यानं एक पान उघडलं आणि मादियारपुढे धरलं. लख्ख वंशावळ. कोपऱ्यात टोपणनाव, मेंढपाळ. म्हाताऱ्यानं तुटक्या फांदीवर बोट टेकवलं.

"माझा बाप सतरा वर्षांचा होता. धाकट्या भावाला त्या दारात बसवून निघून आला, दोघं मरू नयेत म्हणून. शेवटच्या दिवशीसुद्धा त्याला हाका मारत होता. मी बारा वर्षं ही माहिती भरतोय, कुणीतरी वाचेल म्हणून."

मादियारनं तोंड उघडलं. तोवर म्हाताऱ्यानं त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता. किती तरी वेळ. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि नातीकडे वळला.

"झानसाया, भावाला चहा दे."