फोटोतली मधली बाई

"ही चूक करणाऱ्याचं नाव सांगा, मदर. मला फक्त नाव हवंय," व्हर्डेल तिसऱ्यांदा म्हणाली.

मदर प्रुइट शेंगा मोडत राहिल्या. शिकागोच्या साउथ साइडला सगळं चर्च त्यांना मदरच म्हणे. वय एकोणऐंशी, पण बोटं अजून चपळ होती.

व्हर्डेल कॉझीचा मात्र संताप संताप झाला होता. सदतीस वर्षांपूर्वी चर्चच्या गायकवृंदाची एक रेकॉर्ड निघाली. तिच्यात मुख्य आवाज मदरचा. नाव लागलं पाळकांच्या बायकोचं, लोरेन गॅड्सडेनचं. वर्तमानपत्रांनी तेच छापलं, पुस्तकांनी तेच उचललं. आणि आता रविवारी संग्रहालयात पितळी पाटी लागणार, तीही लोरेनच्याच नावाची!

"पाटी लागली की संपलं," मदर म्हणाल्या. "पितळेशी कोण भांडणार? मला जिवंतपणी माझं नाव बघायचंय, बस."

"बघाल. शुक्रवारी माझा लेख येतोय. त्या लोरेनबाईंची चांगली सालटी काढते!"

"तिला कशाला? ती बिचारी पेपर बघून रडली होती. आमच्यात गाणारी कुणीही असो, फोटोत मधे पाळकांची बायकोच उभी राहते. लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं."

"म्हणजे कुणीतरी नुसता फोटो बघून ठोकून दिलं?"

"हं."

"शोभतं त्यांना! मला माहितीयत रेकॉर्ड कंपन्यांचे हे प्रसिद्धीवाले. मीही दोन वर्षं तेच केलं. आठवड्याला चाळीस प्रसिद्धीपत्रकं खरडायची, गाणं ऐकायला वेळ कुणाला? पण म्हणून एखाद्या बाईचा गळाच दुसरीला देऊन टाकायचा? जनाची नाही, मनाची तरी!"

पुढची वीस वर्षं व्हर्डेलने पत्रकारिता केली होती, मग गॉस्पेल संगीताच्या इतिहासावर तीन पुस्तकं लिहिली होती. तिने लिहिलं की लोक मानत. म्हणूनच संग्रहालयवाले म्हणाले होते, पुरावा आणा, पाटी बदलू.

"तो माणूस चांगला निघाला असेल तर?" मदरनी विचारलं. "पुढे मोठा झाला असेल तर?"

"मोठा झाला? मग तर पहिल्याच ओळीत नाव घालीन!"

"लोक थुंकतील गं त्याच्यावर."

"थुंकू देत!"

"नक्की छापशील? नंतर मागे सरशील हो."

"मदर, तुमच्या पायाशी बसून सांगते. ठळक अक्षरात छापीन."

मदरनी शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि बायबलमधून एक जुना फोटो काढला. चाळीसेक गायक झग्यांत उभे. मधोमध लोरेन, हसरी. मदर टोकाला, अर्ध्या कापल्या गेलेल्या.

"रेकॉर्ड कंपनीने छापून झाल्यावर परत पाठवला. पत्रक लिहिणाऱ्याने मागेच टिपण करून ठेवलंय. पाळकांना म्हटलं, राहू दे माझ्याकडे. नाव मी तेव्हाच कंपनीत फोन करून विचारून घेतलं होतं."

"आणि सदतीस वर्षं गप्प बसलात?"

"खरं काय ते लिहिणारीच्या तोंडून यायला हवं होतं ना. वाट पाहिली."

व्हर्डेलने फोटो उलटा केला. पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मध्यभागी, मुख्य गायिका, सौ. लोरेन गॅड्सडेन.'

अक्षर तिचं स्वतःचं होतं.