उसना ठोका

लॅपटॉपवर सातव्यांदा तेच उमटलं : चिप उत्तर देत नाही.

देल्फिनने लॅपटॉप चिपला जोडणारी सहा तारांची पट्टी उपसली, उलटसुलट तपासली, पुन्हा खोचली. लांब पडत असेल म्हणून आखूड पट्टी लावून पाहिली. वीज मोजली, ती बरोबर होती. चिप बोर्डवर डाख देऊन पक्की बसवलेली, त्यामुळे तिच्यात जे भरायचं ते जागच्या जागीच भरायला हवं होतं.

"मेली का गं?" साखरघराच्या बाकावरून तिच्या वडिलांनी, ओविलांनी विचारलं.

"तसंच दिसतंय, पापा."

"काल तर चांगली होती."

"काल मी तिला हात लावला नव्हता."

ओविला हसले नाहीत. त्यांच्यामागे लांबलचक कढई पाकासाठी आटवायच्या मेपलच्या रसाने भरलेली होती. खाली लाकडं रचून झाली होती, काडी ओढायचीच बाकी. बाहेरच्या टाकीतही रस काठोकाठ होता आणि मार्चचं ऊन असं पडलं होतं की उद्यापर्यंत तो टिकला नसता. गेल्या साली ओविलांना थर्मामीटरचा आकडा दिसेनासा झाला आणि अख्खी कढई जळाली. म्हणून ही चिप बसवलेली पेटी. पाक उतरायच्या घडीला तिने शिट्टी घालायची, ओविलांनी तोटी उघडायची. शिट्टी जराशी उशिरा वाजत होती. ती सुधारायला म्हणून देल्फिन आज सकाळी नवा प्रोग्राम भरायला बसली होती.

"मी उभी राहते ना थर्मामीटरपाशी."

"आज राहशील. उद्या शाळेची बस कोण हाकणार? नको. शेजारच्या जिलला फोन कर. बारा वाजता ट्रक आणू दे नि रस घेऊन जाऊ दे." मागे कढईला हात लावून म्हणाले, "कढई विकत हवी का तेही विचार त्याला."

तिने फोन केला. कढईचं विचारलं नाही.

मग ती हात मांडीवर ठेवून बसली. सकाळपासून काय काय केलं ते जपमाळेच्या मण्यांसारखं एकेक करून आठवू लागली. प्रोग्राम नवा. पट्टी जुनी. आणि सेटिंग? सेटिंग तिने गोठ्यातल्या दुधाच्या टाकीवरच्या बोर्डचं जसंच्या तसं उचललं होतं. चिपा दोन्हीकडे एकाच जातीच्या. पण त्या बोर्डवर चिपला बाहेरून घड्याळासारखा ठोका देणारा स्फटिक होता. इथे तो नव्हताच. ही चिप आपल्या आतल्या ठोक्यावर चालायची, आणि देल्फिनने तिला बजावलं होतं, स्वतःचं ऐकू नकोस, बाहेरून येईल तेच ऐक.

"देवा रे," ती उठली. "मेली नाही ती, पापा. वाट बघत बसलीय."

"कोणाची?"

ती तोवर गोठ्याकडे पळाली होती.

दुधाचा बोर्ड तिने पेटीशेजारी मांडला, चालू केला, दोन्हींच्या अर्थिंगच्या तारा जोडल्या. स्फटिकाच्या पायाशी एक बारीक तार अडकवली. तिचं दुसरं टोक चिपच्या एका पायाला टेकवून धरायचं होतं. पण एक हात सैल झालेल्या पट्टीवर, दुसरा लॅपटॉपवर. तिसरा हात देवाने दिलेला नव्हता.

"पापा, इकडे या. चिमूट करा."

"मला दिसत नाही ते."

"दिसायची गरजच नाही. मी टेकवून देते, तुम्ही फक्त हलू नका." तिने त्यांची जाडजूड बोटं धरून टोक नेमकं जागी आणलं. "आता श्वाससुद्धा बेतानं."

ओविला दगडासारखे वाकून उभे राहिले. थोड्या वेळाने ओठ न हलवता म्हणाले, "काय जातंय या तारेतून?"

"ठोके. सेकंदाला ऐंशी लाख."

"माझं काळीज मिनिटाला सत्तर देतं, तर डॉक्टर खूश होतो."

"हसवू नका, तार हलेल."

लॅपटॉपवर ओळ उमटली. चिपने आपलं नाव सांगितलं होतं. देल्फिनने घाईघाईने सेटिंग पूर्ववत केलं, मग प्रोग्राम भरला.

"सोडा आता."

"सोडली तर पुन्हा जाईल."

"नाही जाणार. आता तिची ती चालेल. सोडा, पापा."

त्यांनी तार बाजूला घेतली. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकतच राहिला.

ओविलांनी खिसे चाचपले. "काडी मी लावणार."

बाराला जिलचा ट्रक आला तेव्हा साखरघराच्या छपरातून वाफेचे लोट निघत होते. त्याने दारातून डोकं आत घातलं. "मग? नेऊ की नको?"

"हळू बोल," देल्फिन म्हणाली.

"पहिला घाणा मला चाखायला द्या म्हणजे झालं. हिला तर ईस्टरपर्यंत गोड वर्ज्य. साखरघरात जन्मली आणि उपासाला गोडच सोडलं!"

तोटीपाशी स्टूल ओढून, मान खाली घालून ओविला शिट्टीकडे कान लावून बसले होते. गुडघ्यावरच्या उजव्या हाताची चिमूट अजून तशीच आवळलेली होती, जणू तार तिच्यातच होती.

शिट्टी वाजली. चिमूट उघडली, आणि हात न चाचपडता तोटीवर गेला.